ज्या सीटमध्ये पोर वाचलं

पुण्याला माझ्या मुलीला नीट पोचवलं कुणी, असं विचारलं तर मी नवऱ्याचं सांगत नाही, गाडी त्यानंच चालवली असली तरी. मी आपांचं सांगते. आपा गाडीत नव्हत्या. त्या गाडीत बसतच नाहीत. तरी पोचवलं त्यांनीच.

आपा म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. चिकलठाण्यात विमानतळाच्या मागच्या अंगाला त्यांचं घर आहे. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाड्यानं. विमान उतरायला लागलं की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात आणि खाली आपांच्या कोंबड्या एकदम गप्प होतात. आपा साठीच्या पुढच्या आहेत. गुडघे धरलेत. बोलणं अर्धं मराठी, अर्धं त्यांच्या घरचं. पहिल्या दिवसापासून मला 'बेटी' म्हणतात, आणि माझं काही चुकलं की 'दीवानी'.

माझं माहेर चंद्रपूरच्याही पलीकडं, जंगलाच्या कडेला. सातवीत होते तेव्हा आई अंथरुणाला खिळली आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढं आई गेल्यावर मामाच्या खाणावळीत रांधायला लागले. नवरा तेव्हा वाघ बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी घेऊन तिकडं यायचा, जेवायला आमच्याकडं थांबायचा. लग्न आम्ही दोघांनीच ठरवलं, त्यामुळं माझ्या घरचं कुणी आलं नाही. त्याला आईबाप आधीच नव्हते. होती ती एक थोरली बहीण, पाचोडला दिलेली. तिला आम्ही दोघंही अक्का म्हणतो.

ह्या मुलखात आपलं माणूस म्हणून मला जे मिळालं ते अक्का. बाळंतपण तिनंच केलं. घरची मोसंबीची तोडणी चालू असताना सगळं सोडून आली, मला शेक दिला, डिंकाचे लाडू वळले, आणि माझं अंग चोळताना म्हणायची, "रडू नको गं माय, तुझी आई असती तर तिनं बी एवढंच केलं असतं, थोडं जास्त बोलली असती." आई कशी करते ते मला कळलं नाही, पण अक्का करत होती तसंच करत असावी.

मुलगी रडली की निळी पडायची. आधी ओठ, मग नखं. इथल्या डॉक्टरांनी तिच्या छातीवर नळी ठेवली आणि इतका वेळ ऐकत राहिले की मला वाटलं त्यांना काहीच ऐकू येत नाही. मग म्हणाले, हृदयाला छिद्र आहे, रक्ताची एक नळीही अरुंद आहे, पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, पण थोडं वजन वाढू दे. वजन वाढवायचं म्हणजे पाजायचं, आणि पाजताना ती दमायची. दोन घोट घ्यायची, सोडून द्यायची, कपाळावर घाम. तान्ह्या लेकराला पिताना घाम येतो, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मी पदराच्या टोकानं टिपायची आणि तिच्या नखांकडं बघत बसायची. दिवसभर मी तिचं तोंड कमी आणि नखं जास्त बघत होते.

शेवटी पुण्याहून फोन आला, तारीख मिळाली. फोनवरच्या सिस्टरनं विचारलं, कशानं येणार? नवरा म्हणाला, मालकांची गाडी आहे, ते देतायत. नवरा पर्यटकांना विमानतळावरून वेरूळला, अजिंठ्याला नेतो ती ह्या मालकांचीच गाडी, मालक भला माणूस आहे. सिस्टर म्हणाली, मग बाळाला मांडीवर आणू नका, बाळाच्या सीटमध्ये आणा, आणि कुणीतरी शेजारी बसून बघत राहा, हनुवटी छातीवर पडली तर ह्या बाळाचा श्वास अडकेल.

नवऱ्याला सीट ठाऊक होती. परदेशी पाहुणे तान्ही लेकरं घेऊन आले की बॅगा डिकीत टाकायच्या आधी ती सीट बांधतात, मगच दुसरं काही, असं तो सांगायचा. आम्ही त्यावर हसायचो. एवढीशी पोरं, त्यांना केवढी बांधाबांध! आता आम्हालाच हवी होती. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती. आणि खरं सांगायचं तर नवी घ्यावी असं मनातही आलं नाही.

ते का नाही आलं, हे सांगायला हवं. आमच्यात लेकराला पहिलं झबलं नवं घालत नाहीत. माझ्या माहेरी नाही, इथंही नाही. एखाद्या धडधाकट पोराचं, धुऊन मऊ पडलेलं, जुनं झबलं मागून आणतात आणि ते घालतात. त्या पोराला जसं लाभलं तसं ह्याला लाभावं. नव्या कपड्याला कुणाचंच अंग लागलेलं नसतं, त्याचा काय भरवसा? माझ्या मुलीला पहिलं झबलं अक्काच्या मुलाचं घातलं होतं, पिवळं, गळ्याशी विरलेलं. ती निळी पडते हे कळलं तेव्हा एका शेजारणीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलंसुद्धा, "पहिलं नवं तर नव्हतं ना घातलं?" मी छातीवर हात ठेवून सांगितलं, नाही.

म्हणून अक्काचा फोन आला, "सीट कशाला हुडकता? माझ्या घरी हाय की," तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं.

अक्का स्वतः घेऊन आली, पाचोडहून, सकाळच्या गाडीनं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली सीट कडेवर, जसं काही लेकरूच. वरती नारळ. लुगडं सोडलं तर सीटच्या दांड्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, पुसट झालेली, त्यावर पुन्हा ओढलेली.

"हात जोड आधी," अक्का म्हणाली. "ही साधी वस्तू नाय. माझं पोरगं ह्याच्यात वाचलंय."

मग तिनं सांगितलं. मला अपघात झाला होता एवढंच माहीत होतं, कारण तो माझ्या लग्नाच्या आधीचा. संध्याकाळी शहरातून घरी निघाले होते. पुढं उसाची ट्रॉली उभी, मागं दिवा नाही. गाडी तिच्याखाली घुसली.

"गाडीचा पार चेंदामेंदा. ह्यांच्या मांडीत पत्रा शिरला, आजपातूर लंगडत्यात. माझ्या दोन बरगड्या गेल्या. अन् हे पोरगं ह्याच्यात बसून हसत होतं, माय! हसत! एक वरखडा नाय अंगावर. गाडी भंगारात दिली, पण हिला दिली नाय. देवघराच्या बाजूला ठेवली. दर अमावस्येला नारळ फोडते मी हिच्यापुढं."

"धुतलीस का गं?" मी विचारलं, कारण पट्टे पांढरे फेक होते.

"मग? रक्त उडालं होतं की ह्यांचं. सोडा टाकून उकळून काढलं सगळं. आता बघ, दुधासारखे झालेत." तिनं पट्ट्यावरून हात फिरवला. "तुझ्या पोरीला पहिलं झबलं माझ्याच पोराचं. मग हे बी त्याचंच. त्याला राखलं, तिला राखील."

मी खरंच हात जोडले. मुलीला त्यात ठेवून बघितलं, ती आत मावली आणि झोपली. अक्का आणि मी दोघीही रडलो. दुपारी अक्का परत गेली, निघायच्या दिवशी सकाळी येते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं मालकांची गाडी अंगणात लावली आणि आम्ही सीट बांधून बघत होतो. आपा कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. हातातलं टोपलं तसंच घेऊन जवळ आल्या.

"किसकी है?"

मी कौतुकानं सगळं सांगितलं. ट्रॉली, पत्रा, हसणारं पोर, अमावस्येचा नारळ. मला वाटलं त्या 'माशाअल्ला' म्हणतील. आपांचा चेहरा मी सांगत गेले तसा बंद होत गेला.

"निकालो," त्या म्हणाल्या.

नवरा हसला. "आपा, मजबूत आहे हो. एवढी टक्कर झेलली हिनं."

"झेलली, म्हणूनच म्हणते. सीट एकदाच झेलते. तिचं काम झालं. आता ती नुसती खुर्ची आहे. काढ बाहेर."

नवरा गाडीवाला माणूस. त्याला कुणी गाडीतलं शिकवलं की लागतं. त्यानं सीट काढली, अंगणात ठेवली, कापड उतरवलं, आतलं थर्माकोल काढलं, प्लास्टिक उलटंसुलटं करून उन्हात धरलं. मीही बघितलं. कुठं चीर नाही, तडा नाही. बुडाला कंपनीचा कागद होता तो धुताना निघून गेलेला, चिकटलेल्या डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता.

"दाखवा, कुठं काय आहे?" तो म्हणाला.

"मी कुठं म्हणते दिसतंय?" आपा म्हणाल्या. "दिसलं असतं तर तूच टाकली असतीस. नाही दिसत, तेच तर. आत कुठं बारीक गेलं असेल, पट्टा किती ताणला असेल, वरून सोड्यात उकळला. तुला काय कळणार, मला काय कळणार? आणि कागद पण नाही, किती सालची आहे ते पण नाही."

"मग जाऊ द्या," नवरा वैतागून म्हणाला. "ही नको ना? हिच्या मांडीवर घेऊन जाऊ. आईच्या हातापेक्षा कुठली सीट मोठी?"

आपांनी टोपलं खाली ठेवलं. नवऱ्याला नाही, मला म्हणाल्या, "बैठ."

मी पायरीवर बसले, मुलीला मांडीवर घेऊन. त्या माझ्या शेजारी बसल्या, गुडघे धरत.

"माझा पहिला नातू. हाच जालना रोड. मुलगा गाडी चालवत होता, मी मागं, नातू माझ्या मांडीवर. दोन्ही हातांनी धरला होता, असा." त्यांनी रिकामे हात पोटाशी धरून दाखवले. "माझे हात तेव्हा चांगले होते, बेटी. पाण्याचे हंडे उचलत होते मी. समोर एक जीप थांबली, मुलानं ब्रेक मारला, तरी लागली. लई मोठं काही नाही. गाडीचं तोंड चेपलं, बस. गाडी थांबली. मी थांबले. तो नाही थांबला."

कोंबड्या टोपल्यात चढून दाणे खात होत्या. कुणी हाकललं नाही.

"मुलगा त्याबद्दल एक शब्द बोलला नाही मला. आजपर्यंत नाही. नंतर पोरगी झाली त्याला. तिच्यासाठी सीट आणली, आणि सीटबरोबर जो कागद येतो तो त्यानं मला फोनवर वाचून दाखवला. पूरा. मांडीवर घेऊ नये. टक्कर झालेली वापरू नये. जिचा आगापीछा ठाऊक नाही ती घेऊ नये. पट्टे उकळू नये. मला कळावं म्हणून नाही वाचला. मी ऐकावं म्हणून वाचला." त्या थांबल्या. "मी पाठ केलाय तो. दुआ पाठ करतात तसा."

नवरा दुसरीकडं तोंड करून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं सीटचे सगळे तुकडे उचलले आणि जिन्याच्या खाली नेऊन ठेवले.

मला तेव्हा काय वाटत होतं ते लिहायला जमेल का बघते. एका बाजूला अक्काचं हसणारं पोर. ते मी डोळ्यांनी बघितलेलं, आता झाडावर चढतं. दुसऱ्या बाजूला आपांचे ते रिकामे हात. आणि मधे ती सीट, जिच्यात काही दिसत नव्हतं. मला कुणी सांगितलं असतं की चीर आहे, तर बरं झालं असतं. माझ्यासारखीला दिसलेलं कळतं. न दिसलेल्यावर विश्वास ठेवायचा तर तो कुणाच्या तरी तोंडाकडं बघून. मी आपांच्या तोंडाकडं बघितलं.

मग आपांनी ते केलं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. त्यांनी मुलाला फोन लावला.

त्यांचा मुलगा जालन्याला असतो. ईदला फोन येतो, बाकी नाही. आपा त्याला स्वतःहून कधी लावत नाहीत हे मला माहीत होतं. फोन स्पीकरवर टाकला होता, कारण त्यांना कानाला लावून नीट ऐकू येत नाही. मी दारात उभी होते. जावं की थांबावं कळेना.

"तुझ्या पोरीची पहिली सीट आहे का अजून? लहानवाली?"

"आहे. क्यूं?"

"वरच्या भाडेकरूंच्या बच्चीला पाहिजे. दिल का ऑपरेशन है. पण आधी सांग. कहीं गिरी तो नहीं?"

"नाही."

"गाडीला कधी काही लागलं, ती आत असताना?"

मग तो म्हणाला, "अम्मी, आप पूछ रहे?"

"हौ. मीच विचारते. लागलं?"

"नाही लागलं."

"पट्टे कशानं धुतले?"

"ओल्या फडक्यानं पुसले फक्त. कागद पण आहे."

"तारीख बघ सालाची. बुडाला असते."

तो उठून गेल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, मागं एका लहान मुलीचं बोलणं. आपा फोनकडं बघत होत्या. ती मुलगी काय बोलत होती ते ऐकत असाव्यात. मग त्यानं सांगितलं, वापरायची अजून बरीच मुदत आहे.

"तो लाके दे," आपा म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग ओढणीनं तोंड झाकून आत गेल्या.

तो आला दुसऱ्या दिवशी, दुपारी. उंच, गंभीर माणूस. सीट त्यानं स्वतःच बांधली, तिचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून. गुडघा टेकवून सगळं वजन टाकलं, पट्टा ओढला, मग नवऱ्याला म्हणाला, "हलवून बघा. हलायला नको." मला म्हणाला, पट्ट्याखाली जाड स्वेटर घालू नका, आधी पट्टा, मग वरून पांघरूण. बोलताना तो एकदाही घराकडं वळला नाही. आपा पडद्यामागं होत्या, पडद्याखाली त्यांच्या चपला दिसत होत्या. चहा मी नेऊन दिला. त्यानं फाटकाशी उभ्यानं घेतला, कप मला परत दिला आणि विचारलं, "अम्मीचे गुडघे कसे आहेत?" आपा दहा पावलांवर होत्या. मी म्हटलं, जिना चढवत नाही, बसची पायरी पण नाही. तो मान हलवून गेला.

आमची निघायची वेळ आली तरी आपांनी सांगितलेलं एक काम मी केलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, जुन्या सीटचे पट्टे काप आणि मगच भंगारात दे. नाही तर कुणीतरी चांगली दिसते म्हणून उचलून नेईल, आणि एखादं लेकरू बसेल त्यात. माझा हात धजला नाही. त्या दांड्यावर अक्काच्या बोटांचं कुंकू होतं.

निघायच्या सकाळी अक्का आली. गाडीच्या चाकाला वाहायला नारळ, डब्यात दही-साखर. गाडीत डोकावली आणि तशीच मागं फिरली.

"आमची कुठं हाय?"

तिला जिन्याखाली दिसलीच, कापड नसलेली, थर्माकोल वेगळं.

"अशी उघडीनागडी करून टाकली व्हय तिला? लाज वाटली नाय?"

"अक्का," नवरा म्हणाला, "ती टक्कर झालेली..."

"टक्कर झालेली म्हणून तर आणली! तुझ्या भाच्याला वाचवलं तिनं. तुझ्या पोरीला काय चावती का?"

आपा बाहेर आल्या. "मी काढायला लावली. मला बोल."

"तुम्ही कोण वो? भाडं घ्या अन् गप बसा."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंगणात आपांनी ते ऐकून घेतलं. मी अक्काचा हात धरला, पुण्याच्या सिस्टरनं सांगितलेलं सांगायला लागले, कागदातलं सांगायला लागले. तिनं हात सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ दे. शहाणी झालीस. नको तर नको. माझ्या धाकट्या जावेला दिवस गेलेत, तिच्या लेकराला व्हईल. आन इकडं."

"अक्का, त्या लेकराला पण नको."

"का? ते काय तुझ्या पोरीवाणी अर्धंमुर्धं जन्माला येणार हाय?"

एवढं बोलली आणि तिचं तिलाच लागलं, ते मला दिसलं. पण शब्द गेला होता. ती सीटचे तुकडे गोळा करायला वाकली. मला एकच कळत होतं की आता ती हे लुगड्यात बांधेल, पाचोडला नेईल, पुन्हा कापड चढवेल, आणि पुन्हा हळदीकुंकू. आणि एक दिवस त्या घरातलं कुणीतरी, हात जोडून, लेकरू त्यात ठेवेल.

मी वर गेले, विळी घेऊन आले. पायरीवर बसले, पाटावर पाय ठेवला, आणि पट्टा पात्यावर धरून कापायला लागले. गवार चिरायला बसते तशी. पट्टा चिवट असतो, पाट हलत होता, दोन्ही हातांनी ओढून मागंपुढं करावा लागला. अक्का आधी ओरडली, मग एकदम थांबली. नवरा "अगं, अगं" करत राहिला. एक झाला, मग दुसरा, मग कंबरेचा. पांढरे धागे माझ्या मांडीवर पडले.

अक्का नारळ पिशवीत परत ठेवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या पोराचं आयुष्य कापलंस."

आणि गेली. नवरा फाटकापर्यंत पळाला. तिथंच उभा राहिला, कारण आम्हाला निघायचं होतं, पुण्याची वेळ ठरलेली होती. दह्याचा डबा पायरीवरच राहिला. आपांनी तो उचलला, चमच्यानं मला थोडं दही भरवलं, नवऱ्याला हातावर दिलं, आणि मुलीच्या कपाळाला बोट लावून काहीतरी पुटपुटल्या. गाडीला मात्र हात लावला नाही.

रस्ताभर मी मुलीच्या हनुवटीकडं बघत होते. हनुवटी, ओठ, नखं. नगरच्या अलीकडं एक कुत्रं आडवं आलं. नवऱ्यानं जोरात ब्रेक दाबला. मी मागच्या सीटवर होते आणि स्वतःचा पट्टा लावायचं मला सुचलंच नव्हतं. मी पुढं फेकले गेले, समोरच्या सीटला कपाळ आपटलं. मुलगी आपल्या जागी होती. जागीसुद्धा झाली नाही, ओठ तेवढे हलवले. आणि माझे हात, मी बघितलं, माझे दोन्ही हात पुढं हवेत गेले होते, बोटं पसरलेली. त्यांनी काहीच धरलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "लागलं का?" मी नाही म्हटलं. पट्टा लावला.

ऑपरेशन झालं. दाराबाहेर बसून मी काय काय कबूल केलं आणि कुणाकुणाला, ते इथं लिहीत नाही. मुलगी परत आली. छातीवर मधोमध रेघ आहे. मोठी झाल्यावर आणखी एक ऑपरेशन लागेल असं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळं नखं बघायची माझी सवय काही गेली नाही. पण पिताना आता तिला घाम येत नाही.

अक्का आली नाही. बारसं आम्ही ऑपरेशननंतर केलं, कुंची कुणी घालायची तर आत्यानं, ती जागा रिकामी राहिली. नवरा सणाला एकटा पाचोडला जातो. अक्का त्याला जेवायला वाढते, माझं नाव काढत नाही. तिच्या धाकट्या जावेला मुलगा झाला. तो कशात बसून फिरतो हे मी नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "मांडीवर." मी त्याच्याकडून निरोप पाठवला, आमची सीट मोकळी झाली की ती घेऊन जा, हिचं सगळं ठाऊक आहे, कुठंच लागलेली नाही. उत्तर आलं नाही. तरी मी ती सीट जपून ठेवली आहे, कागदासकट. मुदत संपेपर्यंत वाट बघेन.

त्या जुन्या सीटला काही झालं होतं का, ते मला अजूनही माहीत नाही. कदाचित ती तशी धडही असेल. कदाचित मी उगाच बहिणीसारखं माणूस घालवलं. हा विचार आला की मला ते हवेतले हात आठवतात, आणि मी मुलीजवळ जाऊन बसते.

आपा तेव्हापासून मुलाशी महिन्यातून एखाद्या वेळी बोलतात. गुडघ्यांबद्दल, पाण्याबद्दल. नातीला त्यांनी अजून फोनवरच बघितलंय. बसची पायरी चढवत नाही, आणि गाडीत त्या बसत नाहीत. मुलगा 'घ्यायला येतो' म्हणत नाही, आणि त्या 'ये' म्हणत नाहीत. एकदा मीच म्हटलं, आम्ही नेतो. त्या म्हणाल्या, "दीवानी," आणि कोंबड्यांकडं गेल्या.

पण मी आपांचे उपकार फेडणार आहे. ज्या दिवशी त्या हो म्हणतील त्या दिवशी नवरा मालकांची गाडी आणेल आणि जालना रोडनं हळूहळू नेईल. मी मागं त्यांच्या शेजारी बसेन. त्यांचा पट्टा मी लावेन, मग माझा. त्यांच्या मांडीवर मी काही ठेवू देणार नाही, पिशवीसुद्धा नाही. आणि त्यांनी हात पोटाशी धरले, तर मी माझा हात त्यात देईन, पोचेपर्यंत.